चाळीस दिवसांचा नियम
‘मेडिव्हल २: टोटल वॉर’ हा मध्ययुगीन युद्धांचा संगणकीय खेळ खेळताना हिवाळ्यात वेढा घालू नये, असा नियम खेळाडूंच्या चर्चेत सुचवला गेला आहे आणि तो मला पटतो; मात्र सैन्य मुळात किती दिवस थांबेल, हा प्रश्न त्या चर्चेत राहून गेला आहे. फ्रान्समध्ये सरंजामदाराची लष्करी सेवा साधारणपणे ४० दिवसांची असे आणि १२२६ मध्ये आव्हिन्योंच्या वेढ्यातून शाम्पेनचा काउंट चौथा तिबो ही मुदत भरताच राजा आठव्या लुईला सोडून निघून गेला.

म्हणून आमच्या ठाण्यातील गटाने या खेळात सरंजामी घोडदळ वेढ्यावर एकाच खेळीपुरते ठेवायचे ठरवले आहे, पुढे वेढा चालवायचा असेल, तर भाडोत्री पथके घ्यावी लागतात आणि खजिना भराभर आटतो. मिलानच्या तटापुढे हल्ल्याचे मनोरे जवळजवळ बांधून झाले असतानाही आम्ही घोडदळ माघारी नेले, आणि माझ्या मते त्या मोहिमेतला तोच सर्वांत खरा प्रसंग होता.