घोडी म्हणजे गाय नव्हे

घोड्यांची दुर्मिळ जात वाचवायला काही जण सुचवतात की घोडीला गायींसारखी हार्मोनची इंजेक्शनं द्यायची, एका माजात आठ-दहा गर्भ काढून साध्या घोड्यांच्या पोटात वाढवायचे की झालं, जात वाचली. पण घोडी त्या औषधांना फारशी दादच देत नाही हो, बहुतेक वेळा एका माजात एकच गर्भ हाती लागतो, तोही मिळालाच तर. शिवाय तो सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो, सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुऊन काढेपर्यंत त्याचा पाण्याने भरलेला फुगा झालेला असतो, वर चिवट आवरण. ०.३ मिमीच्या पुढे गेलेला तसाच गोठवला तर सहसा टिकत नाही, म्हणून आधी बारीक सुईने आतलं पाणी ओढून घेतात. भलतंच नाजूक काम.

त्यापेक्षा नराच्या शरीरातल्या पेशी (शुक्राणू नव्हेत) वेळेत गोठवून ठेवणं मला जास्त कामाचं वाटतं. २०२० मध्ये टेक्सासला क्लोनिंगने जन्मलेला प्रझेवाल्स्की या रानटी घोड्यांच्या जातीचा कर्ट हा शिंगरू एका नराच्या १९८० मध्ये गोठवलेल्या पेशींतून आला, आणि त्याला पोटात वाढवलं एका पाळीव घोडीने. तोच नर निवडला कारण त्याची जनुकं आजच्या कळपात फार कमी उरली होती.