नीतिसूत्रांतील छडी आणि चार वर्षांचे मूल

नगरची एक आई :

सर्वांना सलाम. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चालत आली आहे, आणि मुलांना वळण लावायचे तर छडी हवीच, ही समजूतही तितकीच जुनी आहे. सासूबाई अतिशय मायाळू आहेत. नातवाला आपल्या ताटातला घास भरवल्याशिवाय त्या जेवत नाहीत. पण तो हट्टाला पेटला की त्या मला बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकातील 13:24 ची आठवण करून देतात. छडी आवरणारा बाप आपल्या मुलाचा वैरी, असे ते वचन आहे.

गेल्या महिन्यात त्याने शेजारच्या मुलीला चावा घेतला, म्हणून मी त्याच्या पोटऱ्यांवर फूटपट्टीने दोनदा मारले. त्यानंतर चार दिवसांनी फळीवरचा पोह्यांचा डबा काढण्यासाठी मी हात वर केला, तेव्हा ओट्याशी उभ्या असलेल्या माझ्या मुलाने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. तो रडला नाही, काही बोललाही नाही, नुसता खाली बसला. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

बाळाला सतत अंगाशी ठेवावे, त्याच्या रडण्याला लगेच प्रतिसाद द्यावा, असे सांगणारी ‘अटॅचमेंट पॅरेंटिंग’ ही पद्धत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स यांनी रूढ केली, आणि ते स्वतः ख्रिस्ती असून त्यांनी ख्रिस्ती पालकांसाठीही लेखन केले आहे, असे मी वाचले. त्याच देशातील मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांनी मात्र 1970 पासून मोजक्या शारीरिक शिक्षेचा पुरस्कार केला. दोघांचाही आधार पवित्र शास्त्रच. मारल्याविना मूल वाढवणे म्हणजे शास्त्रवचन मोडणे होय का, हे मला जाणत्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त शास्त्रशिक्षक, पुणे :

ताई, सलाम. आधी एक गैरसमज दूर करतो. इंग्रजीत छडी वाचवली की मूल बिघडते अशा अर्थाचे जे वाक्य बायबलच्या नावावर सर्रास खपते, ते सॅम्युअल बटलर या कवीच्या सतराव्या शतकातील विडंबनकाव्यातले आहे. नीतिसूत्रांतील वचन निराळे आहे. आपल्या कानांत तर ‘छडी लागे छमछम’ आधीपासूनच बसलेले असते, त्यामुळे मराठी बायबलमध्ये छडी हा शब्द आला की आपल्याला जुन्या शाळेतले मास्तरच दिसू लागतात. मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘शेबेत’ असा आहे, आणि त्याला काठी, राजदंड, इतकेच काय पण वंश, असेही अर्थ आहेत. स्तोत्र 23 मध्ये मेंढपाळाच्या हातातील ज्या आकडी-काठीमुळे दाविदाला धीर येतो, तिथेही हाच शब्द आहे.

मात्र यावरून नीतिसूत्रांत माराचा उल्लेखच नाही असे कोणी सांगितले, तर ते मला मान्य नाही. 23:13 मध्ये छडीने मारण्याचीच गोष्ट आहे. हे वचन मोठ्या मुलांपुरते आहे, असाही एक युक्तिवाद केला जातो, कारण तिथला ‘नार’ हा शब्द सतरा वर्षांच्या योसेफासाठी वापरलेला आहे. परंतु तोच शब्द निर्गम 2:6 मध्ये पेटीत रडणाऱ्या तान्ह्या मोशेसाठीही येतो, तेव्हा हा आधार टिकत नाही. सोयीचा अर्थ काढून मनाचे समाधान करून घेण्यापेक्षा वचन जसे आहे तसे समोर ठेवावे आणि मग विचारावे की, ख्रिस्ताच्या मंडळीने ते कसे पाळायचे.

नीतिसूत्रे 26:3 मध्ये मूर्खाच्या पाठीसाठीही काठी सांगितली आहे, आणि जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात बंडखोर मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे आणून दगडमार करण्याचा नियम आहे. तुमच्या सासूबाईंनाही तो नियम आज पाळावासा वाटणार नाही. म्हणजेच आपण सर्वजण जुना करार प्रभूच्या वागणुकीच्या उजेडात वाचतो. शिष्य बालकांना हटकत होते, तेव्हा प्रभू रागावला तो शिष्यांवर, आणि बालकांना त्याने कवेत घेतले. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (6:4) बापांना पहिली गोष्ट सांगितली ती ‘चिरडीस आणू नका’ ही, आणि कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचे कारणही दिले : मुले खिन्न होतील. ज्या काळी रोमी कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिला होता, त्या काळी हे लिहिले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या मुलाने डोके झाकले, त्याचे वर्णन करायला मला पौलाच्या शब्दांहून नेमके शब्द सापडत नाहीत.

तीन मुलांचा बाप, सोलापूर :

सलाम. माझे मत वेगळे आहे, ते प्रांजळपणे मांडतो. एली याजकाने आपल्या मुलांना आवरले नाही आणि त्याच्या घराण्याचा नाश झाला, हे 1 शमुवेल 3 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. नव्या करारातील इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा 12 वा अध्याय म्हणतो की, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षाही करतो. मी वडिलांचा मार खाल्लेला आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. आजूबाजूला मात्र मी अशी घरे पाहतो, जिथे मुलाला कशालाही ‘नाही’ म्हणायचे नाही, आणि सहा वर्षांचा मुलगा आजीच्या अंगावर हात टाकतो तरी त्याला कोणी काही बोलत नाही. त्याला सौम्य संगोपन म्हणायचे असेल, तर मला त्याची भीती वाटते.

एवढे मात्र कबूल करतो की, मी धाकट्याला जितक्या वेळा मारले, त्यातल्या बहुतेक वेळी मी कामावरून थकून आलेलो होतो. त्याच्या चुकीचे वजन तेच असायचे, पण माझा हात कधी हलका पडायचा, कधी जड. धाकट्यानंतरच्या मुलीवर मी हात उगारलेला नाही. तिला शिस्त नाही असे मला म्हणता येत नाही.

वसईची शिक्षिका :

ताई, सोलापूरच्या भावांनी एलीचा दाखला दिला, तो मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एलीची मुले मोठी होती, याजकपद भूषवत होती, आणि अर्पणाचे मांस जबरदस्तीने घेत होती. एलीने त्यांची नुसती कानउघाडणी केली, त्यांना पदावरून दूर केले नाही. लहानपणी छडी मारली नाही हा त्याचा दोष असल्याचे शास्त्र म्हणत नाही. आवरणे आणि मारणे या दोन क्रिया आहेत, आणि बालवाडीच्या वर्गात आम्ही दिवसभर मुलांना आवरतच असतो. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे. सुरुवातीला अनेक सहकाऱ्यांना वाटले की, आता वर्ग हाताबाहेर जाणार. मला स्वतःला त्या काळात मुलांची नावे, त्यांच्या घरची परिस्थिती आणि त्यांच्या भुकेच्या वेळा अधिक नीट कळू लागल्या, कारण दुसरे साधनच हाती उरले नव्हते.

आम्हा कॅथलिकांमध्ये हा विचार आजकालचा नाही. अकराव्या शतकात संत आन्सेल्म यांच्याकडे एका मठाधिपतीने तक्रार केली की, मठातील मुलांना रात्रंदिवस मार देऊनही ती सुधारत नाहीत. आन्सेल्म यांनी त्याला विचारले, तुम्ही बागेत रोप लावून ते चारी बाजूंनी असे कोंडले की त्याला फांदीच पसरता येऊ नये, तर काही वर्षांनी कसले झाड हाती येईल? वेडेवाकडे आणि गुंतलेले, असे त्यालाच कबूल करावे लागले.

माटुंग्यातील ज्या शाळेमुळे मुंबईकरांना डॉन बॉस्को हे नाव ठाऊक आहे, त्या संताला वयाच्या नवव्या वर्षी एक स्वप्न पडले होते. शिव्या देणाऱ्या मुलांवर तो ठोसे मारत धावला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, यांना माराने नव्हे, सौम्यतेने आणि प्रेमाने जिंकायचे आहे. 1884 साली रोमहून लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की, मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते आपल्यावर आहे हे मुलांना कळले पाहिजे. आईचे दूध, अंगावरची झोप, तेलाची मालिश, आजीचे अंगाई गाणे हे सारे आपल्याकडे आधीपासून आहेच. माझ्या अनुभवात आपला हात सुटतो तो मूल ‘नाही’ म्हणायला शिकते तेव्हा.

चाव्याच्या प्रसंगी मी काय केले असते, ते सांगते. मुलाच्या खांद्यांना घट्ट धरून त्याच्या उंचीला बसायचे, थोडक्या शब्दांत ‘चावायचे नाही, तिला दुखते’ असे म्हणायचे, आणि त्याच्याच हाताने त्या मुलीच्या दंडावर गार पाण्याची पट्टी धरायला लावायची. तो किंचाळला तरी पट्टी धरायची. यात लाड अजिबात नाहीत, आणि फटक्यापेक्षा याला वेळही बराच जास्त लागतो. फूटपट्टीबद्दल त्याची क्षमा मात्र अवश्य मागा. आम्ही मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, सुरुवातीला देवापुढे अपराध कबूल करतो. मुलापुढे करायला जड जाते, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे.

नगरची एक आई :

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. काल प्रार्थनेच्या वेळी मी स्तोत्र 23 वाचले आणि पुण्याच्या सरांनी सांगितलेला इब्री शब्द सासूबाईंना सांगितला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सांगितले की, त्यांच्या धाकट्या भावाला वडील फार मारत, आणि तो चौदाव्या वर्षी घर सोडून गेला तो पुढे आईच्या मातीलाच आला. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. छडीविषयी त्यांचे मत बदलले आहे असे मी म्हणणार नाही. आज सकाळीही त्यांनी त्याला दटावले, पण काठीचे नाव घेतले नाही.

मी मुलाची क्षमा मागितली. त्याने विचारले, “परत मारशील?” मी नाही म्हटले. त्यावर त्याने फूटपट्टी कुठे आहे ते विचारले, आणि ती घेऊन आपल्या खेळण्यांच्या डब्यात ठेवली. सोलापूरच्या भावांना एक विचारायचे आहे. आपल्या धाकट्याच्या मनातली भीती पुढे गेली का, आणि जायला किती काळ लागला? माझा मुलगा अजूनही फळीकडे माझा हात गेला की एक पाऊल मागे सरतो.