‘बाजीराव मस्तानी’चे कौतुक कितपत रास्त आहे?

प्रश्न

संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) नुकताच पुन्हा पाहिला. दिग्दर्शनाच्या राष्ट्रीय पुरस्कारासह अनेक सन्मान मिळवलेल्या या चित्रपटाचे नाव ऐतिहासिक चित्रपटांचा विषय निघाला की आजही आदराने घेतले जाते. ‘पिंगा’ आणि ‘मल्हारी’ या गाण्यांवरून झालेला वाद ठाऊक आहे. तो बाजूला ठेवला, तरी ऐतिहासिक नाट्य म्हणून हा चित्रपट एवढ्या कौतुकास पात्र ठरतो का?

प्रतिसाद १

माझ्या मते ठरतो. तो ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला आहे, त्यामुळे त्याला बखरीचे निकष लावणे अन्यायाचे होईल. तन्वी आझमी यांनी साकारलेल्या राधाबाई पाहाव्यात: केशवपन केलेली, मुलावर जीव असलेली आणि तरीही कुळाचाराच्या प्रश्नावर तसूभर न हलणारी ही आई केवळ खलनायिका वाटत नाही. सुदीप चॅटर्जी यांच्या छायाचित्रणाबद्दल तर दुमत नसावे.

प्रतिसाद २

कादंबरीचा आधार असला, तरी बाजीराव कोण होता हा प्रश्न सुटत नाही. १७२८ मध्ये पालखेडला त्याने निजामाला कोंडले ते जड सरंजाम मागे ठेवून केलेल्या वेगवान हालचालींच्या आणि शत्रूचे पाणी व रसद तोडण्याच्या बळावर. तेथे मोठी हातघाई झालीच नाही. पडद्यावरचा बाजीराव मात्र मुख्यतः स्वतःच्या तलवारीने जिंकतो. शिवाय मोहिमांच्या खर्चाने हा पेशवा कर्जात बुडालेला होता आणि सावकारांच्या तगाद्याचे गाऱ्हाणे त्याने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत मांडले आहे. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता हे मान्य, पण चित्रपटातील डोळे दिपवणाऱ्या वैभवात या ओढगस्तीचा मागमूसही लागत नाही. राज्यकारभाराचा हा ताण वगळल्यामुळे घरातला संघर्ष केवळ प्रेम विरुद्ध कर्मठपणा एवढ्यावर येऊन थांबतो, आणि माझा आक्षेप तपशिलांच्या चुकांपेक्षा या सोपेपणाला आहे.

प्रतिसाद ३

वरील आक्षेप मला पटतो, परंतु त्याहून मोठी उणीव शेवटात आहे. मस्तानीला कैदेत ठेवले गेले होते आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावाचा अंत झाला, इथपर्यंत चित्रपट इतिहासाचा धागा सोडत नाही. मस्तानीचा मृत्यू नेमका कसा झाला याची खात्रीलायक नोंद नसल्याने तेथे कल्पनेला वाव घेणेही गैर नाही. मात्र दोघांचे प्राण एकाच वेळी जाताना दाखवून दिग्दर्शक जिथे थांबतो, तिथेच काशीबाईंची खरी कथा सुरू होते. मस्तानीच्या पोरक्या समशेरबहाद्दराचा सांभाळ त्यांनी केला, आणि पुढे १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून, झालेल्या जखमांनी तो मरण पावला. प्रियांका चोप्रा यांनी या चित्रपटात सर्वांत जिवंत वठवलेली व्यक्तिरेखाही काशीबाईंचीच आहे. तिला अखेरच्या भागात जवळजवळ निरोप देऊन टाकणे, हे मला इतिहासापेक्षाही पटकथेचे नुकसान वाटते.