आईचा फोन फुगलाय: 1,150 ची बॅटरी की 13 हजारांचा नवा फोन?

जुळे_सोलापूर:
आईचा फोन 4 वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात मागचं कव्हर एका कोपऱ्यातून उचललेलं दिसलं. फरशीवर ठेवला तर डुगडुगतो. आई म्हणाली, "कव्हर सैल झालंय, रबर लावून दे." रबर लावला नाही, लगेच फोन बंद करून ठेवला, कारण आतली बॅटरी फुगलीय हे उघड होतं.

का फुगली तेही कळतंय. आमची वरची खोली पत्र्याची. एप्रिल-मेच्या दुपारी तिथं उभं राहवत नाही, आणि आई तिथंच फोन चार्जिंगला लावून त्यावर कीर्तन ऐकते. रात्री पुन्हा उशाशी चार्जिंग, सकाळपर्यंत.

नवी पेठेत विचारलं, बॅटरी बसवून 1,150 सांगितले. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, "टाकून दे, 13 हजारांचा नवा घे, पैसे मी पाठवतो." मला हे पटत नाही. स्क्रीन धड आहे, कॅमेरा धड आहे, नातीला व्हिडिओ कॉल कुठून लावायचा ते आईच्या बोटांना पाठ आहे. आपल्या सोलापुरात धोटा (मागावर आडवा धागा नेणारा भाग) झिजला म्हणून कुणी माग मोडीत काढला नाही. माझं मत, बॅटरीच बदलावी. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट सांगा.

पार्क_चौक:
दादा, मी तुमच्या भावाच्या बाजूनं. बॅटरी बदलली तरी फोन 4 वर्षांचाच राहणार. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडा, अँड्रॉइडच्या आवृत्तीवर जा, तिथं सिक्युरिटी पॅचची, म्हणजे कंपनीनं पाठवलेल्या शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची, तारीख दिसेल. स्वस्तातल्या फोनला कंपनी दोन-तीन वर्षं पॅच देते आणि मग सोडून देते. तारीख दीड-दोन वर्षांमागची असेल तर त्यानंतर सापडलेली भोकं त्या फोनमध्ये तशीच उघडी आहेत. आणि आईंचं यूपीआय त्याच फोनवर असेल ना? पेन्शन ज्या खात्यात येते तेच खातं जोडलेलं असेल. 12 हजार वाचवायला जाऊन खातं धोक्यात घालायचं का?

सोल्डरगन:
मी 17 वर्षं मोबाईल दुरुस्तीच करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी फुगलेल्या बॅटरीचं. लिथियमच्या सेलमधलं द्रावण उष्णतेनं आणि सतत पूर्ण भरलेलं राहून विघटित होतं, त्याचा वायू होतो आणि पाकीट फुगतं. दाबून ते बसत नाही. टाचणीनं वायू सोडायला तर अजिबात जाऊ नका, भोक पडलं की सेल पेट घेऊ शकतो. माझ्याकडे एकजण कव्हरवर चिकटपट्टी गुंडाळून तसाच महिनाभर वापरलेला फोन घेऊन आला होता, तोवर आतून स्क्रीनही उचलली होती. तुम्ही बंद करून ठेवलात ते योग्य केलंत. आता चार्ज करू नका, गादीवर किंवा कपाटात कपड्यांत ठेवू नका.

ऊन किती मारतं त्याचा हिशेब ठाऊक असू द्या. 40 अंशांत 100 टक्के भरलेला सेल वर्षभर नुसता पडून राहिला तरी क्षमता साधारण 65 टक्क्यांवर येते. तोच 40 टक्के भरून ठेवला तर 85 च्या आसपास राहते. म्हणजे मारक आहे ती जोडी, उष्णता आणि भरलेली बॅटरी. तुमच्या पत्र्याच्या खोलीत रात्रभर चार्जिंग म्हणजे दोन्ही एकत्र. नवी बॅटरी घाला नाहीतर नवा फोन घ्या, ही सवय राहिली तर दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा माझ्यासारख्याच्या काउंटरवर याल.

बॅटरी घेताना त्यावरची तारीख बघा. सेल दुकानात पडूनसुद्धा म्हातारा होतो, दोन वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून घेऊ नका. आणि मूळ बॅटरी 5,000 एमएएच क्षमतेची असताना त्याच मापात कुणी 6,500 छापून देत असेल तर ते लेबल खोटं आहे. जुनी बॅटरी काढताना कारागीर गोंद सैल करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो की लोखंडी पट्टी घुसवतो, ते समोर उभं राहून बघा. फोन एकदा उघडला की पाणी अडवणारं सील आधीसारखं राहत नाही, हेही ध्यानात ठेवा.

टॉवेल_एमआयडीसी:
तुमच्या प्रश्नापेक्षा जरा वेगळं सांगतो, पण आमच्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये निम्म्या लोकांचं दुखणं हेच असतं. फोन चार्ज होत नाही, केबल हलवली तर होतो. लगेच म्हणतात बॅटरी गेली. बॅटरीला काही झालेलं नसतं. खिशात टॉवेलच्या सुताचे तंतू जातात, ते चार्जिंगच्या भोकात ठासून बसतात आणि पिन आतपर्यंत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरण्यानं हळूच उकरा, वाटीभर निघेल असं वाटतं इतकं निघतं. सुई घालू नका. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकानं याच कारणासाठी हप्त्यावर नवा फोन घेतला, ते बघून जीव तुटला.

बाळीवेस_ताई:
पार्क चौक, तुमचं पॅचचं म्हणणं खोटं नाही, पण धोका कुठून येतो तेही बघा. आमच्या गल्लीत दोन घरी पैसे गेले. एका ठिकाणी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली होती, दुसऱ्या ठिकाणी वाहनाच्या दंडाच्या नावानं. दोन्ही फोन सहा महिन्यांच्या आतले, पॅच ताजा. फाईल आपल्याच हातानं उघडली आणि मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या, तर नवा फोन काय करणार? 13 हजार खर्चण्याआधी आईजवळ बसून अर्धा तास घालवा. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप टाकायची परवानगी असेल तर बंद करा. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. पैसे गेले तर पहिल्या तासातच तिथं फोन लावायचा असतो.

पार्क_चौक:
ताई, एपीकेचं शंभर टक्के मान्य. पण एक दार माणूस स्वतः उघडतो म्हणून दुसऱ्या दाराची मोडकी कडी तशीच ठेवायची का? पॅच थांबलेल्या फोनवर काही वर्षांनी बँकेचं ॲपही चालायचं बंद होतं, मग घाईघाईत मिळेल तो फोन घ्यावा लागतो.

फक्त नवा घ्यायचा तर बघून घ्या. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल, तुम्ही अपडेट किती वर्षं ते विचारा. पूर्वी लांब मुदत फक्त महागड्या फोनला असायची. 2023 ला गूगलनं पिक्सेल 8 ला 7 वर्षं दिली, 2024 ला सॅमसंगनं एस24 ला. पण त्याच वर्षी सॅमसंगनं गॅलेक्सी ए16 5जी सारख्या कमी किमतीच्या फोनलाही 6 वर्षं दिली. यात एक मेख आहे. ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही. सेलमध्ये स्वस्त मिळणारा दोन वर्षं जुना मॉडेल घेतलात तर दोन वर्षं आधीच संपलेली असतात.

कन्ना_चौक:
13 हजार 13 हजार असं सगळे सहज लिहिताय. माझी आई विड्या वळते. आमच्या घरी फोन घ्यायचा म्हणजे हप्ता, आणि 'बिनव्याजी' हप्त्यातही प्रोसेसिंग फी लागते, कार्डावर घेतला तर व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो. तो आकडा दुकानातल्या पाटीवर नसतो, पुढच्या बिलात दिसतो. आमच्यासारख्यांना बॅटरी बदलणं हा एकच रस्ता असतो, त्यामुळं तो नीट असायला हवा. कंपनीची मूळ बॅटरी सोलापुरात हातात मिळायला हवी. युरोपात 20 जून 2025 पासून विकायला येणाऱ्या फोनला विक्री थांबल्यावरही 7 वर्षं सुटे भाग द्यायची सक्ती आहे. आमच्या आईच्या फोनचा भाग दीड वर्षात मिळेनासा झाला. राग दुकानदारावर नाही, पण राग आहे.

सोल्डरगन:
पोरी, खरं बोललीस. आम्हालाही मूळ भाग मिळत नाहीत, मग जे मिळतं ते लावावं लागतं. गिऱ्हाईक नाराज होतं आणि नाव आमचं खराब होतं.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांचं वाचून काल फोन थोडा वेळ चालू केला, चार्जिंगला न लावता. पॅचची तारीख 14 महिन्यांमागची निघाली. पार्क चौक, इथं तुमचं म्हणणं मला टाळता येत नाही.

म्हणून असं ठरवलंय. बॅटरी बदलायची, पण पेन्शनचं खातं यूपीआयमधून काढायचं. भाजीपाला, दूध, रिक्षा यासाठी आईचं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतलं दुसरं खातं जोडायचं, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवायचं नाही. भावानं पाठवायचे म्हटलेले पैसे बाजूला राहू दे, पुढच्या दिवाळीला अपडेटची वर्षं मोजून घेऊ. चार्जर खालच्या खोलीत माठाच्या कट्ट्याजवळ हलवलाय, रात्री 80 टक्क्यांवर काढायचं काम माझ्याकडे.

पार्क_चौक:
खातं वेगळं केलंत हे उत्तम. तरी माझं मत बदललेलं नाही, दिवाळीपर्यंत थांबू नका. ओटीपी त्याच फोनवर येत राहणार.

जुळे_सोलापूर:
ओटीपीचा मुद्दा राहिलाच होता. पेन्शन खात्याचा नंबर माझ्या फोनवर घ्यायचा म्हटलं तर आईला ते आवडणार नाही, पैसे तिचे आहेत. आज संध्याकाळी तिलाच विचारतो.

सोल्डरगन:
विचारा. आणि दादा, माठाजवळ पाण्याचे थेंब उडत असतील तर चार्जर चार हात लांब ठेवा. फोन गार करायला फ्रीजमध्येही ठेवू देऊ नका, बाहेर काढला की आत दव धरतं. काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दुकानातच द्या.