नवी प्रजात व्हायला मध्ये डोंगर-समुद्र लागतोच का? मला नाही वाटत

रानभूल:
कॉलेजात घोकलेलं, मध्ये काहीतरी आडवं आल्याशिवाय प्रजात फुटत नाही, उत्क्रांतीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर तर यावर कित्येक दशकं अडून बसलेले. पण लॉर्ड हॉव बेट बघा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला साधारण ६०० किमी, अख्खं बेट १५ चौ. किमीच्या आत, आणि त्यावर पामचे दोन सख्खे भाऊ: केन्शिया (तोच तो, हॉटेलच्या लॉबीत कुंडीत उभा असतो) आणि कर्ली. परागण वाऱ्याने, म्हणजे पराग कुठेही उडत जाणार, तरी मिसळत नाहीत कारण केन्शिया मुख्यतः चुनखडीच्या जमिनीवर, कर्ली ज्वालामुखीच्या मातीत, आणि बहराच्या वेळेत सहाएक आठवड्यांचा फरक. २००६ साली साव्होलायनेन वगैरेंनी जीनोममधल्या २७४ जागा तपासल्या तर अपेक्षेपेक्षा जास्त फरक फक्त ४ जागी, म्हणजे नैसर्गिक निवडीने मोजक्याच जागा वेगळ्या ओढल्या. अजून काय पुरावा पाहिजे?

खडूस_मास्तर:
बेट आत्ता एवढंसं आहे हो. ६०-७० लाख वर्षं झिजतंय ते, पूर्वी बरंच मोठं होतं. तेव्हा हे दोघे शेजारी होते की दोन टोकांना, सांगा बघू. आणि रिकॉम्बिनेशनचं (आईबापाच्या जीन्सच्या सरमिसळीचं) काय? मातीचा जीन एक, बहराचा दुसरा, दर पिढीत पत्ते पिसल्यासारखे ते सुटे होणार. जीवशास्त्रज्ञ फेल्सनस्टाइनने १९८१ मध्येच दाखवलंय हे.

रानभूल:
जीन दोन असतील तर. मातीमुळेच बहर पुढे-मागे झाला तर सुटं व्हायला उरतं काय?

खडूस_मास्तर:
"झाला तर".

गव्हाची_पोळी:
पामवरून कशाला भांडताय, पॉलिप्लॉइडी (गुणसूत्रांचे अख्खे संच वाढणं) घ्या ना. ट्रॅगोपोगॉन या रानफुलाच्या युरोपातल्या तीन जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वॉशिंग्टन-आयडाहोकडे पोचल्या, त्यांचे संकर झाले, पण संकर वांझ, कारण गुणसूत्रांना जोडीदारच मिळत नाही. मग काहींत गुणसूत्रं दुप्पट झाली, १२ ची २४, जोड्या जमल्या, बी धरलं आणि १९५० मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ ओनबीने दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या. आईबापाशी परत संकर केला तर संतती बहुतेक वांझच. त्याच वावरात, शंभर वर्षांच्या आत! आपली खपली २८ गुणसूत्रांची, रोजचा लोकवन ४२ चा, तोही असाच, खपलीच्या जातकुळीत रानगवताचे १४ मिसळून.

खडूस_मास्तर:
हे मान्य, पण फसवाफसवी आहे. आईबाप आधीच वेगळ्या प्रजाती होते, ते वेगळे कुठे झाले? डोंगरापलीकडे झाले असतील तर तुम्ही भिंत फक्त एक पिढी मागे सरकवलीत.

गव्हाची_पोळी:
मग डच वनस्पतीशास्त्रज्ञ डी व्रीसच्या बागेतलं ईनोथेरा गिगास हे फुलझाड घ्या. १४ गुणसूत्रं वाल्या एकाच जातीतून २८ वालं, संकर नाही की काही नाही.

रानभूल:
पण गिगासमध्ये निवड कुठेय? एका रात्रीत आकडा दुप्पट, हा अपघात झाला. पाममध्ये दोघं हळूहळू, एकमेकांचे पराग अंगावर घेत वेगळे झाले, मला गंमत त्याची वाटते.

गव्हाची_पोळी:
आणि मला पोळीची. अपघात म्हणून कमी लेखू नका राव, जेवतोय त्याच्यावर.