मदत हवी आहे : शनिवारवाड्यातील ‘काका, मला वाचवा’ या हाकेची सर्वांत जुनी लेखी नोंद कोणती?

नमस्कार. पेशवेकालीन कागदपत्रे आणि बखरी यांचा अभ्यास असलेल्या मंडळींकडून मला एका बाबतीत मदत हवी आहे. प्रश्न भुताचा असला, तरी भूत खरे की खोटे यावर येथे वाद व्हावा अशी माझी इच्छा नाही. शनिवारवाड्यात रात्री नारायणराव पेशव्यांची हाक ऐकू येते, ही आख्यायिका लेखी स्वरूपात प्रथम केव्हा आणि कोठे आली, एवढेच मला शोधायचे आहे.

मी एका शाळेत इतिहास शिकवतो आणि दर वर्षी मुलांना वाडा दाखवायला नेतो. यंदा नारायण दरवाजापाशी उभे राहून मी नेहमीची गोष्ट सांगत असताना सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, ही हाक पहिल्यांदा कोणी ऐकली?” इतकी वर्षे ही गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची त्या क्षणी खरोखरच लाज वाटली. शोधून सांगतो, असे तिला कबूल केले आहे.

घटना सर्वांना ठाऊक आहे, पण पुढील शंका त्यातील तपशिलांवरच उभ्या असल्यामुळे थोडक्यात मांडतो. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे वारले आणि त्यांच्यामागून त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. पुढे नऊ महिनेही झाले नाहीत, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, ऐन गणेशोत्सवात, सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार गारदी (पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई) वाड्यात शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव जीव वाचवण्यासाठी त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, धावले आणि त्यांना मिठी मारून त्यांनी जी विनवणी केली, तीच आज भुताची हाक म्हणून सांगितली जाते. धन्याला वाचवण्यासाठी अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही तेथेच कापला गेला. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हेही प्रसिद्ध आहे.

आता माझी पहिली अडचण वेळेची आहे. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते आणि भोजनानंतर विश्रांती घेत असताना हल्ला झाला. म्हणजे हा खून भर दुपारचा आहे. आख्यायिकेतील हाक मात्र रात्रीची आहे. त्यातही कोणी ती पौर्णिमेला ऐकू येते असे सांगतो, तर कोणी अमावास्येला. पौर्णिमेचा उगम कदाचित तिथीत असावा, कारण त्रयोदशीनंतर पौर्णिमा दोनच दिवसांवर असते. असे असेल, तर ही गोष्ट प्रथम सांगणाऱ्याला वधाची तिथी माहीत होती, असे मानावे लागेल. अमावास्या मात्र भुताच्या कोणत्याही गोष्टीत आपोआप येऊन बसते, त्यामुळे ती मागाहून जोडली गेली असावी, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक विचित्र वाटते. आपल्याकडे भुतांची जातवारी अगदी काटेकोर आहे. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वासना अपुरी राहिलेला ब्राह्मण समंध होतो. त्याशिवाय खवीस, झोटिंग, हडळ अशी प्रत्येकाची वेगळी ओळख आणि वेगळा उपाय असतो. नारायणराव विवाहित ब्राह्मण, वय अठरा, मृत्यू अकाली व घातपाताने. म्हणजे जुन्या समजुतीप्रमाणे समंध होण्यास सर्व बाजूंनी पात्र. तरीही त्यांना कोणी समंध म्हटलेले मी ऐकलेले नाही. ते कोणाला धरत नाहीत, कोणाला दिसत नाहीत, काही मागत नाहीत. उरला आहे तो केवळ आवाज. असे निव्वळ आवाजाचे भूत मराठी लोकपरंपरेत दुसरे कोणते आहे का? नसेल, तर ही गोष्ट पारंपरिक भूतकथांमधून आलेली नसून रंगभूमीवरून किंवा शाळेतील धड्यांमधून आलेली असावी, अशी शंका येते. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ मधले आहे. ज्यांना जुन्या प्रयोगांविषयी किंवा त्या काळच्या नियतकालिकांविषयी माहिती आहे, त्यांनी नाटकापूर्वी आणि नाटकानंतर या हाकेचे उल्लेख कसे येतात, हे कृपया सांगावे.

याच वाड्यात २१ वर्षांचे सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये वरून पडून मरण पावले. नारायणरावांच्या वधानंतर जन्मलेला हा त्यांचा मुलगा. बापलेक दोघेही ऐन तारुण्यात, दोघेही अपमृत्यूने, एकाच वाड्यात गेले. तरी आख्यायिका वडिलांचीच झाली. आणि चाफाजी टिळेकराची हाक तर कोणीच ऐकत नाही. (सेवकाला मेल्यावरही रजा नाही आणि आवाजही नाही, असे एक सहकारी शिक्षक म्हणाले.) माझा अंदाज असा की, हाक टिकली ती तिच्यातील ‘काका’ या शब्दामुळे. शत्रूच्या हातून मेलेल्याची गोष्ट पोवाड्यात जाते; घरच्यांनी मारलेल्याची गोष्ट घरातच घुमत राहते.

तिसरी बाब दुसऱ्या बाजीरावांची आहे आणि माझ्या मते खरा धागा येथेच सापडेल. हे रघुनाथराव आणि आनंदीबाईंचे चिरंजीव १७९६ मध्ये पेशवे झाले. नारायणरावांच्या पिशाच्चाचा त्यांना त्रास होत असे आणि त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पुण्याच्या परिसरात आंब्याची असंख्य झाडे लावली व दानधर्म केला, असे सांगितले जाते. हे जर समकालीन कागदांत असेल, तर आपल्या हाती एक जुने आणि अगदी वेगळे भूत येते : वाड्याला नव्हे, तर घराण्याला लागलेले, आवाज देणारे नव्हे, तर हिशेब मागणारे. मग १८१८ मध्ये पेशवाई संपली, बाजीराव बिठूरला गेले, १८२८ च्या आगीत वाडा सात दिवस जळला आणि ज्या दालनांतून नारायणराव धावले ती दालनेच उरली नाहीत. छळायला वंशज जवळ नाही आणि फिरायला महाल नाही, अशा स्थितीत त्या भुताची केवळ हाक उरली असेल काय?

त्यामुळे मला नेमके हवे आहे ते असे. बाजीरावांच्या या प्रायश्चित्ताचा उल्लेख पेशवे दप्तरातील (पेशव्यांच्या जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहातील) एखाद्या पत्रात, इंग्रज वकिलातीच्या पत्रव्यवहारात किंवा कोणत्याही बखरीत आढळला असल्यास त्याचा खंड व पृष्ठ कळवावे. तसेच बखरींमध्ये नारायणरावांच्या तोंडी नेमके कोणते शब्द आहेत, तेही मूळ लेखनासह मिळाले तर फार उपकार होतील. ज्यांचे आजी-आजोबा शनिवार, कसबा किंवा नारायण पेठेत राहिले आहेत, त्यांनी घरात ही गोष्ट कशी सांगितली जात असे आणि साधारण कोणत्या काळात, तेवढे लिहिले तरी चालेल. फक्त “आमच्या मित्राने स्वतः ऐकली आहे” अशा स्वरूपाचे अनुभव कृपया या धाग्यावर नकोत.

पुरवणी : एका सदस्यांनी निरोपातून सुचवले आहे की, पुण्याभोवतीच्या जुन्या आमरायांची नोंद इनामांच्या कागदांत शोधावी. सूचना उत्तम आहे. मोडी वाचणारे कोणी सोबत येणार असतील, तर दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातील दप्तरात बसण्याची माझी तयारी आहे. मला स्वतःला मोडी अक्षरे लावत लावतच वाचता येतात, आणि या प्रकरणात एका अक्षराने (‘ध’चा ‘मा’, म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’) काय होते, ते आपण सर्व जाणताच.