मदत हवी आहे: बिकानेरहून आल्यापासून न भरणारी जखम, तपासणी कुठे होईल?

दाजी सोलरच्या कामावर सहा महिने बिकानेरला होते, रात्री उघड्यावरच झोपायचे. परत आल्यावर मनगटावर डास चावल्यासारखा फोड आला. आता रुपयाएवढी जखम आहे: कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, वर खपली. दुखत नाही, ताप नाही, शुगर नॉर्मल. अडीच महिने झाले. अँटिबायोटिकचे दोन कोर्स, बुरशीचं मलम, आईच्या आग्रहानं हळदसुद्धा, फरक शून्य.

बिकानेर भागात वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे होणारा त्वचेचा लेशमानियासिस हा रोग आढळतो, म्हणून शंका. डॉक्टर म्हणाले, जखमेच्या कडेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा, पण इथं असे पेशंट येत नाहीत. स्पर्शानं पसरत नाही, हे माहीत आहे. पण इराण, मध्य आशियाच्या वाळवंटात त्याचा एक प्रकार बिळातल्या जरबिल उंदरांमध्ये टिकतो, दुसरा माणसातून माशीमार्फत माणसात जातो. दाजींचा प्रकार कोणता, हेही कळायला हवं, कारण औषध त्यावर ठरतं म्हणे.

दाजींना सुट्टी फक्त सोमवारी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा मिरज-सांगलीत स्मिअर (नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि पीसीआर (परजीवीच्या डीएनएची चाचणी) दोन्ही होतं का, की थेट पुणे-मुंबई गाठावी?